जुन्या हद्दीवरचा गाडा

माझं लग्न ठरलं तेव्हा देवळालीला आमच्या आळीत सगळ्यांना माझी कीव आली. "पोरगी मोगलाईत दिली," असं म्हणत बायका आईला भेटायला यायच्या, जणू घरातलं कुणी गेलंच होतं. खरं तर मला नगर जिल्ह्यातच दिली होती. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य, ते बुडून जमाना झाला होता. पण प्रवरेच्या पाटाचं पाणी प्यालेल्या आमच्या माणसांना, जिल्ह्याच्या पूर्व कडेला त्या कोरड्या माळावर माणसं राहतात हेच खरं वाटत नसे. नवरा आमच्याकडं साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर सीझनला कामाला यायचा, तिथं वडिलांनी त्याला पाहिलं. वडील म्हणाले, "जावई चांगला हाय. मुलखाचं काय, सवय हुती."

सासरी पाऊल टाकलं तर तिथंही माझीच कीव. मी सासूला आत्याबाई म्हणायची. आत्याबाई शेजारपाजारी सांगायच्या, "इंग्रजीतली हाय पोरगी, शिकंल हळूहळू." इंग्रजी म्हणजे इंग्रजांचा मुलूख. इंग्रज केव्हाच गेले होते, पण या गावात त्यांची रवानगी अजून कुणी मनावर घेतली नव्हती. नवरा तालुक्याला निघाला की म्हाताऱ्या विचारायच्या, "इंग्रजीत चाललास व्हय? मग येताना चहाची पूड आन." मी तोंडाला पदर लावून हसायची. तोपर्यंत मला हे सगळं गमतीचंच वाटत होतं.

गावाच्या मावळतीला ओढा आहे. पूर्वी तीच दोन राज्यांची हद्द. ओढ्याच्या अलीकडं आमचं गाव निजामाचं, पलीकडची गावं इंग्रजांची. ओढ्याच्या काठाला दगडी चौथरा आहे, तिथं नाका होता. पलीकडून कापड आणायचं तर नाकेवाल्याला कोंबडी द्यावी लागे. रझाकारांच्या दिवसांत बाया लेकरं काखोटीला मारून तोच ओढा उतरून पलीकडं जायच्या आणि सकाळी चुलीसाठी परत यायच्या, असं आत्याबाई सांगायच्या. मग पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतर थोड्याच काळानं हद्दींची अदलाबदल. आमचं गाव नगरला जोडलं. गावातल्या कुणाला विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही. गाव जागचं हललं नाही, हद्द तेवढी मावळतीच्या अंगाहून उठून उगवतीच्या अंगाला, वरच्या माळावर जाऊन बसली.

पण एवढ्यानं सगळं फिरलं. आधी कचेरी, बाजार, दवाखाना, सगळं उगवतीला होतं. तिकडं जायची गाडीवाट रुंद होती, दोन गाड्या शेजारून जायच्या. आता सगळं मावळतीला आलं. तालुका तिकडं, डांबरी सडक तिकडं, एसटी तिकडं. उगवतीची वाट वापर नसल्यानं बाभळींनी खाऊन टाकली. माणसांची तोंडं मात्र अजून उगवतीकडंच होती. लेकी तिकडंच दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या, जत्रा तिकडची. आत्याबाईंचं माहेरही तिकडचंच. जमिनीचे कागद नगरला गेले, माणसं मनानं गेली नाहीत. मला याचा राग यायचा. मी म्हणायची, "आत्याबाई, अवो आता आपन सगळे एकाच राज्यातले." त्या जात्याचा खुंटा न सोडता म्हणायच्या, "आसंल बाई. मला कुनी सांगाया आलं न्हाई."

आमचं भांडण रोजचं होतं. माझ्या भाकरीवरून, माझ्या चालण्यावरून, मी पेपरचा कागद वाचत बसते त्यावरून. त्या ठेंगण्या, काटक, तोंडाळ. मीही काही कमी नव्हते. पण माझं पहिलं बाळंतपण वाया गेलं तेव्हा महिनाभर त्यांनी मला चुलीपाशी येऊ दिलं नाही, आणि स्वतःच्या पहिल्या लेकराची गोष्ट सांगितली ती तेव्हाच. ती गोष्ट मरीआईच्या गाड्याची होती.

आमच्याकडं देवळालीला मी तो गाडा लहानपणी एकदाच पाहिला होता. गावात पटकी शिरली, उलट्या-जुलाबांनी माणसं मरायला लागली, की सुताराकडून गुडघाभर उंचीचा लाकडी गाडा करून घ्यायचा. त्यात लाकडी मरीआई बसवायची, हिरवा खण, बांगड्या, लिंबं, दहीभात ठेवायचा आणि हलगी वाजवत गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. मग पुढच्या गावानं तो आपल्या हद्दीतून ओढून त्याच्या पुढच्या शिवेवर न्यायचा. अशी मरी गावागावांतून निघून जाते, अशी समजूत. सोडलेला गाडा ज्या गावानं सोडला त्यानं ओलांडायचा नाही. पुढच्या शिवेच्या माणसानं दोरी हातात धरली की देवी त्याच्या हवाली, आणि ओढणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही.

मोगलाईत असताना आमचं गाव गाडा नेहमी ओढ्यात सोडायचं. मरी देशाबाहेर, परमुलखात जाऊ दे, म्हणून. पलीकडची माणसं काय ऐकणार? ती गुपचूप गाडा उचलून पुन्हा अलीकडं आणून ठेवायची. अशाच एका साली गाडा माघारी आला आणि आत्याबाईंचा पहिला मुलगा त्यांच्या मांडीवर गेला. "माघारी आली आन् माजं लेकरू खाल्लं," एवढंच त्या म्हणाल्या.

बहात्तरच्या दुष्काळात गावाच्या सगळ्या विहिरी-बारवा आटल्या. सगळं गाव सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. पाण्याचा टँकर मावळतीकडून, ओढा उतरून गावात यायचा. तो आला नाही त्या दिवशी ओढ्याच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायचं. त्याच झिऱ्यांवर जनावरंही तोंड घालायची. उन्हाळ्याच्या तोंडाला सुताराची सून गेली. मग कुंभारवाड्यात दोघं. मग कोण कोण, ते रडण्याच्या आवाजाच्या दिशेवरून ओळखायचं. खडीवर जाणारी माणसं घरी बसली. मला भीती वाटायला लागली, आणि ती भीती रागासारखीच बाहेर पडत होती. मी नवऱ्याला म्हणाले, "तालुक्याला जा, टोचणारे डॉक्टर आना." तो म्हणाला, "तात्या बैठक घेत्यात, मग बगू."

तात्या म्हणजे त्याचे थोरले चुलते. निजामाच्या वेळी गावचे पोलीस पाटील. पाटीलकी गेली तरी गाव त्यांच्याच शब्दावर उठायचं-बसायचं. वाईट माणूस नव्हता. मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि गाडा सोडायचं ठरलं. कुठं सोडायचा यावर मात्र घोळ झाला. कुणीतरी म्हणालं, आता आपली हद्द वरच्या माळावर आहे, गाडा उगवतीला न्यावा. तात्या म्हणाले, "तिकडं आपल्या लेकी हायत. लेकीच्या दारात मरी धाडायची का?" ओढा ठरला. बापजाद्यांनी जिथं सोडला तिथंच.

नवऱ्यानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी पीठ मळत होते. "अहो, पण ओढ्यातनंच टँकर येतो! डॉक्टर यायचा तर तिथनंच येनार! तिथं गाडा ठेवला तर आपलीच वाट बंद!" पूर्वी ओढा बंद झाला तर गावाचं काहीच अडत नसे, कारण दवाखाना, बाजार सगळं मागच्या अंगाला होतं. आता जे काही होतं ते ओढ्याच्या पलीकडंच होतं. हे एवढं साधं होतं आणि पारावरच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि बोललं गेलं नसेल. नवरा भिंतीकडं बघत म्हणाला, "तात्यांना कोन सांगनार?" मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या लिंबाला सुई टोचून दोऱ्यात ओवत होत्या, गाड्याला बांधायला.

हलगी वाजवत गाडा गेला. बाया मागून तांब्यातलं पाणी शिंपडत होत्या, त्या पाण्यावर माझा जीव तुटत होता. ओढ्याच्या मध्यावर, बरोब्बर वाटेत, देवीचं तोंड मावळतीला करून गाडा ठेवला आणि सगळे मागं न बघता घरी आले.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आम्ही बाया हंडे घेऊन ओढ्याच्या अलीकडं उभ्या होतो. पलीकडच्या चढावर टँकर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं गाडा पाहिला, दोन्ही कानांना हात लावले आणि टँकर वळवला. बाया ओरडल्या, "आरं दादा, तितंच वत, आमी येतो!" पण येणार कशा? गाडा ओलांडायचा नव्हता. टँकर गेला. एक बाई हंडा आपटून रडायला लागली, आणि मग सगळ्याच. मी मात्र शिव्या देत होते, कुणाला ते मलाही ठाऊक नव्हतं. पलीकडच्या गावानं त्याच दुपारी आपल्या अंगाला बाभळीचे काटे ओढून वाट बुजवली. गाडा ते घेणार नव्हते. त्यांनी तो कधीच घेतला नव्हता.

आणि मग आत्याबाई पडल्या. सकाळी परसाकडून आल्या त्या भिंत धरत. मला म्हणाल्या, "काय न्हाई, ऊन लागलं." दुपारच्या आतच त्यांचे डोळे खोल गेले, आवाज बसला, पिंढऱ्यांत गोळे येऊन त्या तळमळायला लागल्या. पोटात पाण्याचा थेंब ठरत नव्हता. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. नवरा त्यांचे पाय चोळत बसला होता आणि मुलासारखा रडत होता. मी म्हणाले, "गाडी जुंपा."

"कुठनं नेनार? वाटंवर गाडा हाय."

"गाड्याच्या बाजूनं काढा. सडकेवर सलाईन लावनारे डॉक्टर येत्यात, खडीच्या कामावरची मानसं सांगत हुती."

उगवतीकडं न्यायचा विचार करून झाला होता. वाट उरली नव्हती, वरच्या गावांनी आमचं नाव ऐकून शिवेवर काठ्या घेऊन माणसं बसवली होती, आणि बैलांच्या अंगावर नुसती कातडी होती. सडक त्यातल्या त्यात जवळ, दोनेक कोस. त्यानं गाडी जुंपली. आम्ही आत्याबाईंना गोधडीत गुंडाळून गाडीत घातलं. त्यांचं वजन काहीच लागलं नाही.

वेशीपाशी तात्या उभे होते. म्हणाले, "सूनबाई, गाडा वलांडू नगा. गावाचं वाटुळं हुईल."

मी एरवी त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "मामंजी, व्हायचं काय ऱ्हायलंय अजून?" त्यांनी गाडीत बघितलं. भावजयीचं तोंड त्यांना दिसलं. ते बाजूला सरले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले. मला तेव्हा त्यांची दया आली नाही.

ओढ्याच्या उतारावर आत्याबाईंनी डोळे उघडले. वाटेचे खाचखळगे त्यांना पाठ असणार. म्हणाल्या, "थांबीव."

नवऱ्यानं कासरा ओढला. समोर वाळूत गाडा होता. खण विटला होता, लिंबं सुकली होती, दहीभात कावळ्यांनी संपवला होता. देवीचे तेवढे डोळे रंगवलेले, टक्क उघडे.

"आई, बाजूनं काडतो गाडी."

"न्हाई. माघारी आली तवा माजं एक लेकरू खाल्लं. वलांडली तर समद्या गावाची खाईल. मला हितंच उतरीव."

नवरा खाली उतरून उभा राहिला. आईचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता, आणि आता मोडायचं बळ त्याच्यात नाही हे मला दिसत होतं. माझं डोकं फिरलं. मरणाऱ्या माणसाशी कुणी असं भांडत नसेल, पण मी भांडले. "अवो आत्याबाई, ही हद्दच न्हाई आता! तुमची हद्द कवाच गेली माळावर! ही नुसती वाळू हाय! ह्या देवीला तरी कुनी सांगितलं का न्हाई?"

त्या म्हणाल्या, "देवीला कागद कोन दाखवतंय?"

बैलांनी मान खाली घातली होती. ऊन मरणाचं होतं. मी गाडीच्या साटीला धरून उभी राहिले आणि मला एकदम सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा संतापातच तोंडातून आलं. "आत्याबाई, मी कुठली?"

त्यांना कळलं नाही.

"मी कुठली हाय ते सांगा. लगीन झाल्यापास्नं गावभर सांगत आलात न्हवं?"

त्या म्हणाल्या, "इंग्रजीतली."

"मग झालं तर. मी म्होरल्या शिवंची. देवी आमच्या शिवंवर आलीया आन् मी तिला घ्यायला आलीया. मी दोरी धरते. गाडा म्होरं चालंल आन् तुमची गाडी त्याच्या मागनं. वलांडायचा प्रश्नच न्हाई."

नवरा म्हणाला, "गाडा बायामानूस वढतं व्हय?"

"पुरुषांनी ओढून आनला ना हितं? बघा कुठं आनून ठेवला."

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता नाही म्हणतील, आणि नाही म्हणाल्या तर मी काय करणार होते मला माहीत नाही. मग त्यांनी गोधडीतून हात काढला आणि मावळतीकडं केला. "वढ. पर म्होरं बगून वढ. काय बी झालं तरी मागं बगू नगंस. आन् मधल्या गावात कुनाच्या दारात टाकू नगंस तिला, लेकरंबाळं असत्यात. पार सडकंपातुर ने."

मी हातातल्या दोन बांगड्या काढून देवीपुढं ठेवल्या, दुसरं काही जवळ नव्हतं. कपाळाचं कुंकू बोटानं काढून तिला लावलं. दोरी धरली. आता सांगते, देवीवर माझा विश्वास होता की नव्हता हे मला आजही सांगता येत नाही. भीती मात्र होती. गाडा वाळूत रुतलेला, ओढताना तळव्यांची सालं निघाली. पलीकडच्या चढावर काट्यांचं कुपाट होतं, ते मी हातांनीच बाजूला केलं. मागं बैलांच्या गळ्यातली घंटी वाजत होती, नवऱ्याचं "हा, हा" ऐकू येत होतं, आणि चढ चढताना आत्याबाईंचं कण्हणंही.

मी मान न वळवता बोलत राहिले. "आलो बगा वर. चौथरा मागं गेला. आता बाभळीचं बन. जरा दम धरा, आत्याबाई, सलाईन लावलं का उद्या मला शिव्या द्याया उठाल." असलं काहीबाही. बोलणं थांबवलं असतं तर मी खालीच बसले असते.

पलीकडच्या गावाची माणसं बांधावर काठ्या घेऊन उभी होती. एक जण ओरडला, "गाडा तितंच ठिव! म्होरं आनलास तर टाळकं फुटंल!"

"थांबवत न्हाई तुमच्या गावात. सडकेला नेते. वाट द्या."

"मोगलांची मरी आमच्यातनं नेती व्हय!"

एक म्हातारी पुढं आली, तिनं मला विचारलं, "बाई, तू कुनाची?"

"देवळालीची. गाडीत सासू हाय माजी."

तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं गाडीकडं बघितलं आणि बराच वेळ तिकडंच बघत राहिली. मग माणसांना म्हणाली, "जाऊ द्या तिला." का कुणास ठाऊक, त्यांनी ऐकलं. ती माणसं दोन्ही अंगांनी लांबून चालत राहिली, मी कुठं थांबत नाही ना हे बघायला. कुणीतरी ढेकूळ मारलं ते माझ्या खांद्याला लागलं. दारं बंद होती. गावच्या विहिरीवर रहाट दिसला आणि मला इतकी तहान लागली होती की वाटलं, टाकावी देवी इथंच यांच्या विहिरीच्या काठावर, भोगू दे यांनाही. ती दोरी हातातून सुटायलाच आली होती. पण आत्याबाईंनी मधल्या गावात टाकू नको म्हणून सांगितलं होतं, आणि त्या मागून बघत असणार असं मला वाटत होतं.

गाव मागं पडल्यावर मी विचारलं, "आत्याबाई बोलतात का?"

नवरा म्हणाला, "निजलीया."

"पानी पाजलं का?"

"पाजलं."

पुढं एके ठिकाणी गाड्याचं एक चाक निघालं. असला गाडा शिवेपुरता करतात, दोन कोसांसाठी नाही. मी देवीसकट गाडा उचलला आणि पदराची चुंबळ करून डोक्यावर घेतला. तशी चालले. मध्येच पुन्हा विचारलं, "कशा हायत?" तो म्हणाला, "चल तू. चल."

सडकेच्या कडेला लिंबाचं झाड होतं. दूरवर खडी फोडणाऱ्या बाया दिसत होत्या आणि त्यांच्यापाशी एक सरकारी जीप उभी होती. जीप बघून मला हसू फुटलं. मी गाडा झाडाखाली उतरवला, मान सरळ केली आणि मागं वळले. "आत्याबाई, पोचलो!"

नवरा बैलांच्या पुढं नव्हता. तो गाडीत बसला होता. कासरा सुटलेला, बैल आपले माझ्या मागं चालत आले होते. आत्याबाईंचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि त्यांच्या तोंडावर त्यानं आपलं उपरणं घातलं होतं.

"कवा?" मी विचारलं.

"वढ्याचा चढ चडलो तवाच."

मी त्याला मारायला धावले. खरंच मारलं, छातीवर, खांद्यावर. "आन् मला बोलला न्हाईत! एवढी वाट मी बडबडत आले! बोलला का न्हाईत?"

त्यानं माझे हात धरले नाहीत. म्हणाला, "तिनं सांगितलं हुतं. तू कुपाट काडीत हुतीस तवा. म्हनली, मी काय आता ऱ्हात न्हाई, पर सुनंला सांगू नगं. कळलं तर ती गाडा मदीच टाकंल आन् माज्याकडं धावंल. वाट मोकळी हुतीया तर हू दे, गावात पोरं हायत." मग त्यानं नाक पुसलं. "आन् मला माघारी आनू नगा म्हनली. हितंच कुटं तरी."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. मला तिचा राग आला. इतकी वर्षं हिला सांगून दमले की हद्द बदलली, आणि हिनं एकदाही मान हलवली नाही. वाट कुठली बंद झालीय हे तिला कळलं होतं, कधीचं ते देव जाणे, आणि कळूनही ती माझ्याशी बोलली नाही. मला तिला जगवायचं होतं. दुसऱ्या कशासाठी मी ती दोरी धरलेली नव्हती.

जीपमधला डॉक्टर आला. पोरगेलासाच होता. त्यानं मनगट धरून बघितलं, उपरणं पुन्हा नीट घातलं आणि नवऱ्याला विचारलं, "गावात अजून आहेत का आजारी?"

"लई हायत."

"मग चला, वाट दाखवा."

ड्रायव्हर मागं उभा होता, तो कुरकुरला. "सायेब, तिकडं वाटंवर मरीआईचा गाडा हाय. टँकरवाला सांगत हुता. जीप जायाची न्हाई."

मी झाडाखाली बोट दाखवलं. "गाडा हितं हाय. वाट मोकळी हाय."

नवरा माझ्याकडं आणि आईकडं बघत राहिला. मी म्हणाले, "जा तुमी. मी बसते."

जीप गेली. त्या दिवशी अख्ख्या गावाला टोचलं, तिघांना सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी टँकरही ओढा उतरून आला. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी गाडीत एकटी बसले होते. बैल सोडून झाडाला बांधले. उन्हाचा उतार होता. खडीवरच्या बाया लांब उभ्या राहून बघत होत्या, पुढं कुणी येईना. शेवटी त्यांच्यातली एक वयस्कर बाई अर्ध्या वाटेपर्यंत आली, पाण्यानं भरलेला तांब्या जमिनीवर ठेवला आणि मागं सरली.

मी जाऊन तांब्या आणला. आधी मीच पिणार होते, घसा नुसता लाकूड झाला होता. पण मी गाडीत चढले, आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या ओठांत पाणी सोडलं. ते आत गेलं नाही, गालावरून ओघळून माझ्या लुगड्यावर आलं. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि पुन्हा सोडलं.